डिंकाचं धुणं

त्याले सगळे सर म्हणत. तोंडावर मीही म्हणायची, पण इथी मी 'तो'च म्हणीन. एवढा हक्क मी कमावला आहे.

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत मी त्याच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. माझी माय धानोऱ्याच्या जंगलात कुल्लूच्या झाडाचा डिंक गोळा करते. हा डिंक पाण्यात टाकला की फुगतो, लिबलिबीत होतो. त्याचंच जेल करून त्यावर जिवंत पेशी वाढवायच्या अन् जखमेची औषधं आधी त्यांच्यावर तपासायची, ही कल्पना माझी. डिंक मायचा, राबली मी. अन् शोधनिबंध लिहून झाला तेव्हा नाव एकट्या त्याचं. माझं कुठीच नाई. शेवटी बारीक अक्षरात 'प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार', बस.

मी विचारलं, सर, असं काऊन? तो हसला. म्हणाला, डोकं माझं होतं, तू तर नुसता डिंक धुतला. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं नाव घराच्या पाटीवर कोणी लिहिते का?

तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, थांब लेका, तुले दाखवतेच.

आता हे धुणं काय असते ते सांगते. कुल्लूचा डिंक मुळात आंबट. जेल झालं तरी आंबटपणा आत राह्यतेच. पेशींचं खाद्य म्हणजे गुलाबी पाणी. आंबट लागलं की ते पिवळं पडते, पेशी मरतात. म्हणून जेलच्या चकत्या खारट पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायच्या, गुलाबी रंग टिकेपर्यंत. त्यानं हे कधी केलं नव्हतं. मी लिहून दिलेलं वाचायचाही त्याले आळस.

निबंध पाठवायच्या आधी नागपूरहून जाणकार पाहुणे काम पाहायले आले. त्या सकाळी चकत्या नुकत्याच झाल्या होत्या. धुवायले घेणार, तर तो म्हणाला, आज मीच दाखवतो, तू चहा-पोह्याचं पाहा. 'धुतल्याशिवाय लावू नका' हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. खरं सांगते, गिळताना गोड लागलं.

त्यानं पाहुण्यांसमोर चकत्या गुलाबी पाण्यात सोडल्या, वरून पेशी टाकल्या अन् आपल्या संशोधनावर बोलत सुटला. मी बशा घेऊन दाराशी उभी. बोलता बोलता पाणी नारिंगी झालं, मग पिवळंजर्द. एक पाहुण्या बाई म्हणाल्या की यात पेशी जगणार नाहीत, असं का होतंय? त्यानं उकाड्याले दोष दिला, मग विजेले, मग बाटलीले. शेवटी घाम पुसत माझ्याकडं वळला.

"सांग ना, काय चुकलं?"

मी बशा खाली ठेवल्या. "सर, काम कोणाचं ते आधी सांगा. तुमचं असलं तर तुम्ही सांगा, माझं असलं तर मी सांगते."

तो पुटपुटला, "हिचं आहे."

"मागं ऐकू नाई गेलं, सर."

"काम हिचं आहे," तो मोठ्यानं म्हणाला.

मग मी सांगितलं. चूक सांगितली, अन् निबंधावर नाव कोणाचं होतं तेही सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत राह्यला, कारण उठून जायले तोंड नव्हतं. निबंध माझ्या नावानं गेला. आता तो मले पाहून वाट बदलतो. मैत्रिणी म्हणतात, म्हातारा खचला, जाऊ दे आता, थोडी कीव कर. करून पाह्यली. येत नाई.