हिरव्या हातचा चहा

मी काय वाचते हे मला कुणी विचारू नये असं वाटतं. विचारतात मात्र सगळेच, कारण मी बीडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि डबा खातानाही माझे डोळे मोबाईलमध्येच असतात. परवा स्टाफरूममध्ये शेजारच्या मॅडमनी मान वाकडी करून विचारलं, "काय एवढं मन लावून चाललंय?" मी झटकन स्क्रीन बंद केली आणि म्हणाले, "काही नाही हो, समीक्षेचं पुस्तक आहे एक." समीक्षेचं! त्या पानावर एक चेटकीण बेदाणे घालून पाव भाजत होती.

इंग्रजीत या कादंबऱ्यांना कोझी फँटसी म्हणतात. थंडीत गोधडीत पाय घेऊन बसावं तसल्या उबेच्या गोष्टी. जादू असते, राक्षस असतात, बोलणारी मांजरं असतात. पण लढाई नाही, खून नाही. कुणीतरी परकं माणूस लहानशा गावात येतं, दुकान टाकतं, गाव आधी बिचकतं आणि मग जीव लावतं. सगळ्यात मोठं संकट कोणतं, तर भट्टी पेटत नाही. शेवट गोड होणार हे पहिल्याच पानावर कळतं, आणि मी वाचते ती त्याच्यासाठीच.

आता यात लाजायचं काय, असं कुणी म्हणेल. पण आमचं घर बौद्ध. ज्या घरातल्या म्हाताऱ्यांना शाळेच्या ओट्यावर टेकू दिलं नाही, त्या घरातल्या पोरीनं एमए करून वाचायचं काय, तर चेटकिणीचा पाव? आमच्यात पुस्तक म्हणजे चैन नव्हे, हत्यार. हॉलमधल्या कपाटात मी जाडजाड वैचारिक ग्रंथ ओळीनं लावलेत. आलागेला बघतो आणि वा म्हणतो. त्यातले निम्मे मी उघडलेले नाहीत. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

दिवाळीच्या सुट्टीत मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला आणि सिरियलीवाचून माय दोन दिवसांत कावली. काळा चष्मा लावून पलंगावर बसायची आणि मला टोचायची.

"दिसभर त्या फोनात बघून हसतीस, मलाबी सांग की काय हाय ते."

"इंग्रजी हाय माय. तुला न्हाई आवडायचं."

"कावून? इंग्रजीतली माणसं जेवत न्हाईत का?"

मग दुपारी तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि मी मोबाईल उघडून मराठीत सांगायला लागले. दलदलीतून आलेली एक चेटकीण. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे. ती एका पुलाजवळ चहाचं हॉटेल टाकते. मायला गोष्ट लई आवडली. चेटकिणीनं आलं कुठून आणलं, दूध कुणाच्या म्हशीचं, सगळं विचारून घ्यायची. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी तिनं मधेच थांबवलं. "तिच्या हातचा चहा पितेत का लोक?"

"अजून न्हाई. येतेत, बसतेत, शेकोटीला हात शेकतेत. पण चहा नको म्हणतेत."

माय उशीला टेकली. मग म्हणाली, "आत्ताच झाला म्हणत असतील."

पुस्तकात हे वाक्य नव्हतं. पण मी ते ऐकलेलं होतं.

गेवराईच्या रस्त्याला आमच्या गावचा फाटा आहे. मी दुसरी-तिसरीत असताना मायनं तिथं पत्र्याची टपरी टाकून हॉटेल चालू केलं होतं. स्टो, किटली, कपबश्या, बसायला बाकडं आणि रोजचा पेपर. गावातली माणसं यायची. एसटीची वाट बघत बाकड्यावर बसायची, पेपर वाचायची, मायला "काय म्हणतीस?" म्हणून विचारायची. बिडीबंडल घ्यायची, काडेपेटी घ्यायची, पुड्यातली बिस्किटं घ्यायची. पुडा बंद असायचा ना. चहा मात्र नको. कुणी वाईट बोलायचं नाही. हसून, पोटावर हात फिरवून म्हणायची, "आत्ताच झाला घरी." सकाळी आठलाही आत्ताच झालेला, दुपारी चारलाही आत्ताच झालेला. एखादा परगावचा ड्रायव्हर प्यायचा तेवढाच. उन्हाळ्यात उघडलेलं हॉटेल दिवाळीच्या आत बंद झालं. का, असं विचारलं की माय म्हणायची, "चालला न्हाई धंदा." आणि मी तेवढ्यावरच राहिले.

या असल्या कादंबऱ्या मी किती वाचल्या असतील! परका माणूस येतो, हॉटेल टाकतो, गाव बिचकतं. प्रत्येक वेळी माझे डोळे भरून यायचे. त्या टपरीची आठवण मात्र एकदाही आली नाही. एकदाही नाही! हिरव्या हाताच्या बाईसाठी रडले मी. लाज नुसती आली नाही, अंगभर चढली.

त्या रात्री मी पुढचं प्रकरण वाचून टाकलं. घंटा वाजवणारा एक बुटका म्हातारा घोटभर चहा पितो, "वा" म्हणतो, आणि सकाळी पुलावर रांग लागते. झालं. एका घोटात गाव सुधारलं. हे मायला कुठल्या तोंडानं सांगू? मी शेवट बदलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कुणी न्हाई पिलं बघ. तिनं हॉटेल बंद केलं अन् गेली परत दलदलीत."

"खोटं बोलतीस," माय म्हणाली. "असली गोष्ट तू हसत वाचली असतीस व्हय? पिलाच असंल कुणीतरी. नीट सांग."

मग सांगावं लागलं. म्हातारा, घोट, रांग. मान खाली घालून भराभरा सांगून टाकलं, पोरं पाठ केलेलं उत्तर म्हणतात तसं. मला वाटलं ती आता चिडेल, नाहीतर रडेल. माय खुदकन हसली.

"बरं झालं बाई तिचं," म्हणाली. "पर माझ्यासारखं गिऱ्हाईक न्हाई तिला. माझं रोज सांच्याला यायचं अन् अख्खी किटली संपवायचं. उरला का गं माय, उरला का गं, म्हणत."

ती मी. शाळा सुटली की मी फाट्यावर पळत जायची आणि उरलेला चहा, साखरेचा, दुधाचा, कपावर कप प्यायची. घरी असा चहा कुठला मिळायला! रस्त्यानं जाताना मी मनात म्हणायची, आज कुणी पिऊ नये, कुणी म्हणजे कुणी पिऊ नये. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"लांबूनच वाकून बघायचीस," माय सांगतच होती. "बाकड्यावर माणूस दिसलं की तोंड पाडायचीस. मला काय दिसत न्हवतं व्हय? म्हणून लोक न पिता उठून गेले ना, तरी मला तेवढं वाईट वाटायचं न्हाई. मी म्हणायची, जाऊ दे, लेकराला होईल."

मी मोबाईल पालथा ठेवला.

"ऊठ, चहा टाक," ती म्हणाली. "अन् तुलाबी घे. आत्ताच झाला म्हणू नको."

मी उठले. मायच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, तिला माझं तोंड नीट दिसतही नव्हतं. तरी मी मान वर केली नाही.