चौघांनाही कडेची सीट

आमच्या घरात प्रत्येकाला कडेची सीट लागते.

आईला गुडघ्यांमुळे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, मधुमेहामुळे (दर थोड्या वेळानं त्यांना ‘जरा जाऊन येतो’ म्हणावं लागतं). बायकोला, माधवीला, दोन्ही बाजूंनी माणसं आली की गुदमरतं म्हणून. आणि मला कसलंही कारण नसताना. विमानात हे निभावून जातं. आम्ही चौघं चार दिशांना बसतो आणि बहारीनला, म्हणजे आम्ही राहतो तिथं, उतरलो की बॅगांच्या पट्ट्यापाशी एकमेकांना ओळख दाखवतो.

पण सईच्या मॅचला असं चालणार नव्हतं. सई ही आमची लेक. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी फुटबॉलच्या टीममध्ये गोलकीपर झाली आणि परवाच्या मॅचला पहिल्यांदाच बाकावर न बसता मैदानात उतरणार होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. “बाबा, प्लीज सिट टुगेदर,” ती म्हणाली. “आय जस्ट नीड टू सी यू ऑल वन्स. देन आय ॲम फाइन.” पोरगी लहानपणापासून अशीच आहे. घाबरली की हात गार पडतात, आणि आम्ही सगळे एकदा नजरेला पडलो की ठणठणीत! शाळेच्या गॅदरिंगलाही पडद्याच्या फटीतून आम्ही दिसेपर्यंत ही स्टेजवर यायची नाही. म्हणजे आमच्यावर कामगिरी एकच होती. तिला दिसायचं.

“तिकिटं मी काढतो!” मी जाहीर केलं.

“तुम्ही?” माधवी म्हणाली. त्या एका शब्दात आमच्या संसाराचा सगळा इतिहास होता.

“का? सलमाबादच्या एवढ्या मोठ्या गोदामात कुठला माल कुठं ठेवायचा ते मीच ठरवतो. चार माणसं ठेवता येणार नाहीत?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोनवर बुकिंग उघडलं. स्टेडियमचा नकाशा, त्यावर मोहरीएवढे ठिपके, आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. माझ्या डोळ्यांदेखत एकेक ठिपका राखाडी होत होता! मी घाईघाईनं टेबलावरच्या फोनवरून घरी फोन लावला.

“आई, तुला कुठली सीट?”

“मला मेलीला काय, कुठलीही चालेल रे. फक्त कडेची बघ.”

“आप्पा, तुम्हाला?”

“आमचं काय घेऊन बसलाय जावईबापू! आम्ही कोल्हापुरात दगडी पायरीवर बसून मॅची बघितलेली माणसं. कडंची असली म्हंजे झालं.”

“माझं तुम्हाला माहितीच आहे,” माधवी मागून ओरडली.

आणि मला ते दिसलं! एका भागात, वाटेला लागून, कडेच्या चार सीटा सलग मोकळ्या. चारी कडेच्या, चारी एकमेकींना चिकटून! एवढी सोन्यासारखी जागा कुणाला कशी दिसली नाही, म्हणून जगाच्या बुद्धीला हसून मी खटाखट चार ठिपके दाबले. संध्याकाळी घरी मुहर्रकला येईपर्यंत गाडीत मी शीळ घालत होतो.

सीटा सलग होत्या हे खरंच. पण एकीच्या मागे एक!

हे स्टेडियमच्या पायऱ्या चढताना कळलं. सगळ्यात खाली आई, तिच्या मागे माधवी, तिच्या मागे आप्पा आणि शेंड्यावर मी. गोदामात आम्ही माल लावतो अगदी तसे.

“अहो,” माधवी मान मागे वळवून म्हणाली, “एकत्र म्हणजे शेजारी शेजारी असतं. हे काय, रेशनची रांग?”

“चौघांनाही कडेचीच हवी होती ना?”

“मग वाटेच्या पलीकडं कडेच्या सीटा नव्हत्या? दोन इकडं, दोन तिकडं!”

मी पलीकडे पाहिलं. होत्या. वाटेच्या पलीकडेही सीटा असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (मी गोदामाचा मॅनेजर आहे, हे पुन्हा सांगत नाही.)

तेवढ्यात आप्पा उठून उभे राहिले आणि चारी बाजूंना बघायला लागले. आम्ही चौघांनी सईच्या कॉलेजचा रंग म्हणून पिवळंधमक घातलं होतं. आम्हा तिघांना टी-शर्ट, आईला हळदी साडी. आणि आमच्या डावी-उजवीकडे, पुढे-मागे, नजर जाईल तिथवर सगळे हिरवे!

“जावईबापू,” आप्पांचा आवाज बसला, “ही समोरच्या कॉलेजची माणसं की हो! आमच्यात कोल्हापुरात दुसऱ्या पेठंच्या टीमवाल्यांत कुणी चुकून बसला तर घरात घेत न्हाईत. तुम्ही सगळं खानदान आणून बसिवलंत!”

सोन्यासारखी जागा का मोकळी होती, तेही कळलं.

मॅच सुरू व्हायच्या आधी सई गोलपाशी आली. कमरेवर हात ठेवून ती पलीकडच्या पिवळ्या स्टँडकडे बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा. आम्ही इकडून “सई! सई!” ओरडत होतो, पण शेजारी हिरव्यांचे ढोल सुरू झाले होते. पोरीनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. (खरं तर पुष्कळ मागितल्या होत्या, पण या आठवड्यात एकच.) थोड्याच वेळात एक साधा बॉल तिच्या हातातून निसटून गोलमध्ये गेला. आमच्याभोवती सगळे हिरवे नाचायला लागले आणि आम्ही चौघं एकाखाली एक, माना खाली घालून बसलो.

“हात गार पडलेत तिचे,” माधवी म्हणाली. ती माझ्यावर ओरडली नाही, हेच जास्त लागलं.

कडेच्या सीटचा तोटा मला त्या दिवशी समजला. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येक माणूस आपल्यावरून जातो! कुणी पॉपकॉर्नला, कुणी फोनवर बोलायला, कुणी उगीच. दर वेळी मी उठायचो, बाजूला व्हायचो, बसायचो. आप्पा स्वतःच सारखे ‘जरा जाऊन’ येत होते, त्यामुळे त्यांना फरक पडला नाही. आईनं मात्र खाली वेगळाच संसार मांडला होता. तिच्या शेजारी हिरवी शाल पांघरलेल्या एक बहारीनी बाई होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला अरबी येत नव्हतं, आणि दोघी अखंड बोलत होत्या. त्यांनी आईला खजूर दिले, आईनं त्यांना बेसनाचा लाडू.

“अरे सुधीर,” आई खालून ओरडली, “यांची मुलगी त्या टीममध्ये आहे, दहा नंबर! गुणी आहे हो पोर!”

“आई, तिनंच आपल्यावर गोल मारला!”

“मग? गुणीच आहे.”

हाफटाइमनंतर टीमनी बाजू बदलल्या आणि सई आमच्या समोरच्या गोलमध्ये आली. पण आमच्याकडे पाठ करून! सईच्या टीमनं दोन गोल केले. आप्पा शत्रूच्या पेठेत उभे राहून “हाण तिच्यायला!” म्हणाले आणि लगेच “सॉरी, सॉरी” म्हणत बसले. आणि मॅच संपता संपता हिरव्यांना पेनल्टी मिळाली. मारणार कोण? दहा नंबर!

ढोल थांबले. खाली आईनं डोळे मिटून हात जोडले, शेजारच्या बाईंनी हात पसरले. देवाला चांगलंच पेचात पकडलं दोघींनी!

आणि नेमका त्याच क्षणी वरून एक धिप्पाड गृहस्थ इथल्या कडक, दुधाळ करक चहाच्या पेल्यांनी भरलेला ट्रे घेऊन उतरले. त्यांची सीट माझ्याच रांगेत, आतली. “हबीबी, वन मिनिट,” म्हणत त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि मला खेटून पलीकडे जायला लागले. मी उभा, मैदानाकडे पाठ, हातात उकळता चहा. वळावं तर अर्ध्या हिरव्या स्टँडला आंघोळ! “यल्ला, भाईसाब, जल्दी, यल्ला!” मी विनवत होतो. मागे शिट्टी वाजली. मग सगळ्यांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज. मग माधवीची किंकाळी. मग आप्पा: “अडिवला! माझ्या नातीनं अडिवला!”

मी वळलो तेव्हा सई टीमच्या पोरींच्या ढिगाखाली होती.

आई शेजारच्या बाईंचे डोळे पुसत होती. डब्यातला उरलेला लाडू तिनं दहा नंबरसाठी त्यांच्या हातात ठेवला.

मॅच संपल्यावर सई धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली.

“दिसलो का गं आम्ही तुला?” मी भीत भीत विचारलं.

“बाबा! पेनल्टीच्या आधी मी वळून बघितलं, अँड देअर यू वेअर! ऑल ग्रीन, अँड वन यलो लाइन! थ्री फेसेस अँड वन बॅक.” ती हसायलाच लागली. “एव्हरीवन वॉज प्रेइंग, अँड माय फादर वॉज सर्व्हिंग टी! मला इतकं हसू आलं ना, आय फरगॉट टू बी स्केअर्ड.”

हसण्याच्या नादात ती मराठी बोलली, हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं. मी तिला घट्ट जवळ घेतलं. हात गरम होते.

ती पेनल्टी कशी अडवली, ते मी आता आप्पांकडून ऐकतो. रोज ऐकतो. पहिल्या दिवशी सई डावीकडे झेपावली होती, काल ती हवेत दोनदा वळून खाली आली.

पुढच्या मॅचची तिकिटं माधवी काढणार आहे. आईला, आप्पांना आणि तिला स्वतःला अर्थातच कडेची.

“आणि तुम्हाला?” तिनं विचारलं.

“मधली,” मी म्हणालो. “अगदी मधली. जिथून मला उठवून कुणाला कुठंच जाता येणार नाही अशी.”