उलटतपासाची रंगीत तालीम

“बाई, हा प्रश्न आहे की भाषण?” जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

मी जन्मभर कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलेल ते टाइप करायचं. त्या जोरावर एकसष्टाव्या वर्षी, म्हणजे अगदी अल्लड वयात, मला वाटलं, वकील कशाला? दिवाणी कोर्टात आपली केस आपल्याला चालवता येते. अक्कल आहे का, हे कोणी विचारत नाही.

केस वाटेची होती. शेलूबाजारजवळ आमचं वावर आहे. शेजारच्या गजूनं धुऱ्यावरची, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरची वाट काट्या टाकून बंद केली. थ्रेशर आत जाईना. कापून ढीग रचलेली सोयाबीनची सुडी पावसात जागेवर कुजली. वाट गेली असती, तर वावर असून नसल्यासारखंच.

त्या दिवशी गजूचा उलटतपास होता. म्हणजे त्यानं दिलेली साक्ष मी प्रश्न विचारून खोडायची. गाव एक, तारीख एक, म्हणून आम्ही कोर्टात एकाच जीपनं जायचो. वाटेत तो म्हणाला, “काकू, आज काय इचारता मले?”

आणि मी, विदुषी, सगळे प्रश्न त्याला ओळीनं म्हणून दाखवले.

“कसे वाटले रे?”

“चांगले हायेत. तिसरा जरा कडक करा.”

कोर्टात गजूची उत्तरं तयार. ही वाट कधी नव्हतीच. काकूंना नाल्याकडून रस्ता आहे. त्याचे वकील गालात हसत होते. मी चिडून भाषण ठोकलं, तेव्हाच साहेबांनी तसं विचारलं.

पाठ केलेले प्रश्न संपले होते. मग मी घरी बोलते तसं विचारलं, “गजू, तुह्या लेकीच्या लग्नाचा मांडव आमच्या वावरात होता ना?”

“होता.”

“पाण्याचा टँकर कुठून आणला?”

“धुऱ्यावरून.”

“नाल्याकडून काहून नाही आणला?”

“काकू, नाल्यातून टँकर जाते का? दुसरी वाट हाय कुठं तिथं?”

वकिलांचं हसू थांबलं. साहेब स्टेनोला म्हणाले, “घ्या.” म्हणजे हे उत्तर नोंदीत घ्या.

या एका शब्दावर भल्याभल्यांच्या केसेस बुडताना मी स्वतः टाइप केल्या आहेत.

निकाल माझ्या बाजूनं लागला. वाट खुली झाली. काट्या गजूनंच उचलल्या, माझ्याकडे न बघता.

लोक विचारतात, वकिलाशिवाय केस जिंकता येते का? येते. फक्त समोरचाही आपल्याइतकाच बोलघेवडा असावा लागतो.