शिवाप्पाचा मुहूर्त

माझ्या ओसरीवर आला की शिवाप्पा सर्वांत आधी आपला लाकडी पाय सोडी आणि तो खुशाल माझ्या पोथीच्या चौरंगाला टेकवून ठेवी. त्या पायाला चामड्याचे पट्टे, आणि मी स्नान करून सोवळ्यात बसलेला! शंभरदा सांगितले असेल, "अरे, पलीकडे ठेव." तो म्हणे, "ठेवतो की बुवा," आणि ठेवत नसे.

निपाणीच्या आसपासच्या जत्रांत बैलगाड्यांच्या शर्यती होत. शिवाप्पाच्या छकड्याला मागे टाकील असा गाडीवान पाच कोसांत नव्हता. बैलांवर त्याने कधी चाबूक उगारला नाही. नुसत्या हाकेवर ती जोडी धावे. मात्र मला दिवस विचारल्याशिवाय तो गाडी जुंपत नसे. अशाच एका जत्रेत वळणावर छकडा उलटला आणि मागून येणारी गाडी त्याच्या डाव्या पायावरून गेली. मिशनच्या डॉक्टरांना गुडघ्याखाली पाय कापावा लागला. देहाची नश्वरता, प्रारब्ध, असे बरेच काही योजून मी दवाखान्यात गेलो. हा खाटेवर उठून बसला आणि मलाच विचारू लागला, "बुवा, बैलास्नी लागलं न्हाई न्हवं?"

नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग झालं. ऱ्हायलंय त्येवढ्यावर भागतंय."

पुढे वर्षभर त्याने गावाला वात आणला. सुताराकडून तीन पाय करवून घेतले आणि दोन नापसंत केले. देवळाच्या कठड्यावर, ऐन आरतीच्या वेळी, तोल सांभाळण्याचा सराव मांडला. पडे, उठे, पुन्हा चढे. आणि प्रत्येक आपटण्यासरशी माझा मंत्र चुके. शेवटी कमरेला पट्टा बांधून स्वतःला छकड्याशी जखडून घेण्याची युक्ती त्याने काढली. छकडा पुन्हा उलटला तर सुटका नाही, हे मी परोपरीने सांगितले.

"सुटून तरी कुटं जाणार हाय मी?" हे त्याचे उत्तर!

त्याची बायको गंगाक्का डोळे पुसत आली. "बाबा, तुमचा शब्द त्ये मोडत न्हाईत. औंदा दिवसच न्हाई म्हणून सांगा की त्यास्नी."

पंचांगाच्या नावाने मी आयुष्यात कधी असत्य बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "शिवाप्पा, ग्रह वाकडे आहेत. या हंगामात गाडी जुंपू नकोस."

तो वाद घालील म्हणून मी उत्तरे जुळवून बसलो होतो. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पाय बांधला, आणि "बरं बुवा" एवढे म्हणून निघून गेला.

जत्रांमागून जत्रा गेल्या. हा गोठ्याच्या दारात नुसता बसून राही. भाकरी अर्धी टाकी. बैल हंबरले तरी मान वर करीत नसे. चौथ्या महिन्यात गंगाक्काच पुन्हा आली, ती आता माझ्यावर चिडून. "पाय तुटला तवा बी अशे बसले न्हवते ओ! उठवा त्यास्नी, बाबा."

मी गेलो. "शिवाप्पा, ग्रहांचे मी खोटे सांगितले. क्षमा कर."

तो हसला. "ठावं हाय की. पंचांग उघडलंच न्हाईसा तुमी."

माझा संयम सुटला. "मग मूर्खा, चार महिने बसून का राहिलास?"

"तुमी न्हाई म्हटलंय, ह्ये साऱ्या गावाला ठावं. मी जिकून आलो असतो तर तुमचं पंचांग खोटं पडलं असतं. मग पोरीबाळींच्या लग्नाचा दिवस लोकांनी इचारायचा कुणाला?"

मी तेथेच ओट्यावर बसलो. यापुढे कोणाला मुहूर्त सांगणार नाही, असे म्हणालो, तर माझ्यावरच डाफरला.

"एकदाच खोटं बोल्लासा न्हवं? ऱ्हायलंय त्येवढ्यावर भागतंय. चला घरला, आन् उघडा आता."

उघडले. दिवस चांगला निघाला. पट्टा बांधून तो शर्यतीत उतरला, तिसरा आला आणि बैल रुसले होते म्हणून आठवडाभर माझे डोके खाल्ले. त्यानंतर सात वर्षे तो छकडा हाकत होता. छकडा एकदाही उलटला नाही. शेवटी शिवाप्पा घरातच, साध्या तापाने गेला. ज्या अंताची मी त्याला इतकी भीती घातली, तो त्याने येऊच दिला नाही. हाही त्याचा हट्टच.

अजून कोणी दिवस विचारायला येते. तिथी मला तोंडपाठ असते. तरी समोरच्याला दिसेल असे पंचांग उघडतो, ओळीवर बोट ठेवतो, आणि मगच उत्तर देतो.