आईने निवडलेली इटालियन कादंबरी

इटलीतल्या एका बक्षिसासाठी परदेशातले वाचकही परीक्षक म्हणून घेतात. दादरला मी इटालियनचे वर्ग घेते, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी हुरळून हो म्हणून बसले. मग पुस्तकांचं खोकं आलं. सगळ्या कादंबऱ्या तीन आठवड्यांत वाचून एकीला मत द्यायचं आणि वर कारणही लिहून पाठवायचं. खोकं उघडलं त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचा पडदा सुटला.

तिचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. हा दुसरा, शेवटचा. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि डॉक्टरांनी बजावलं, "आजी, आता पंधरा दिवस तोंड खाली. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून. बुडबुड्याने पडदा दाबून धरला तर दिसेल." धरला नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

"आयुष्यात कुणाला पाठ दाखवली नाही," आई उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आता दिवसभर तेच काम."

नायगावची आमची चाळ पाडल्यापासून आम्ही दोघी परळला भाड्याच्या घरात राहतो. चाळ सोडताना आईने भांडी वाटून टाकली, पुस्तकं मात्र एकूणएक आणली. दर वर्षी चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून ती पिशवी भरून पुस्तकं घेते आणि पुढच्या वर्षापर्यंत संपवते. अशा बाईला पालथं पाडून ठेवणं म्हणजे शिक्षाच. रेडिओ लावला तर म्हणाली, बंद कर ती कटकट. शेवटी दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तू ते काय वाचतेस एवढं? मला पण सांग की."

मला खरं तर रडू येत होतं. वाचायचा ढीग तसाच, त्यात औषधाचे थेंब, स्ट्रॉने चहा, आणि आता कथाकथन. पण नाही कसं म्हणणार? टेबलाच्या कडेला ती कपाळ टेकून बसायची आणि मी खाली फरशीवर बसून दिवसभरात वाचलेलं मराठीत सांगायची.

पहिली कादंबरी एका बेटावरची. विधवा कोळीण जाळी विणते आणि बोटीवर गेलेल्या मुलाची वाट बघते. मी नावं सांगायला लागले तर आईने मला थांबवलं. "नावं नको गं. तोंडात बसत नाहीत. आपल्या चाळीत कुणाला कोण नावाने हाक मारायचं? नळाजवळची, जिन्याखालची, टकल्याची बायको. हिने काय घातलंय?"

"काळे कपडे."

"मग काळ्या कपड्यांतली. सांग पुढे."

ही सोय मला फार आवडली. नावं गेली आणि सांगणं भरभर व्हायला लागलं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. त्या खोक्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्या विधवा होत्या आणि सगळ्या काळे कपडे घालत होत्या.

मुदत जवळ आली तशी मी सकाळी एक आणि दुपारी दुसरी अशा कादंबऱ्या वाचायला लागले. एक ना धड, भाराभर चिंध्या. एका संध्याकाळी आईला सांगितलं, की काळ्या कपड्यांतली पोराची वाट बघून कंटाळली, उठली, बंद पडलेल्या सूतगिरणीपाशी गेली, गेटचं टाळं फोडलं आणि आत बायका जमवून चूल पेटवली. आई मान वर करणार होती, मी दाबून धरली.

"शाब्बास," ती टेबलाशी बोलल्यासारखी म्हणाली. "तुझ्या बाबांच्या गिरणीला टाळं लागलं तेव्हा आम्ही बायका गेटबाहेर नुसत्या बसून राहिलो. असं डोकं चाललं असतं तर?" थोड्या वेळाने म्हणाली, "हिलाच दे बक्षीस. बाकीच्या वाचू पण नकोस."

मत पाठवायच्या दिवशी मी कारण लिहायला बसले. कोळणीने टाळं फोडलं ते पान शोधायला लागले, तर सापडेना. सापडणार कुठून? कोळीण बेटावरच होती, पोराची वाट बघत. गिरणी उत्तरेकडच्या एका गावातली आणि टाळं फोडणारी दुसरीच बाई, दुसऱ्याच पुस्तकातली. ते तसंच पाठवलं असतं तर इटलीत जन्मभर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. नीट विचार करून गिरणीवालीला मत दिलं, पाठवलं आणि खोकं पलंगाखाली ढकललं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आईला मात्र काही सांगितलं नाही. ती अजून पालथी होती आणि तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

पालथेपण संपलं तरी तिला नुसतं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसायचं. बुडबुडा हळूहळू विरेल, डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आम्ही वाट बघितली. मी तिच्या डोळ्यासमोर बोटं नाचवायची आणि ती वैतागायची.

एका सकाळी खिडकीपाशी बसून ती म्हणाली, "ते माझं पुस्तक आण गं. कव्हर तरी बघू दे."

आता आणणार कुठलं? मी दोन्ही काढली आणि तिच्यासमोर शेजारी शेजारी धरली. दोन्हींची कव्हरं सारखीच होती, समुद्राच्या रंगाची, वर पांढरी अक्षरं.

आई बघतच राहिली. तिचा चेहरा उतरला. "अगं," ती हळू म्हणाली, "मला दोन दिसतायत. डॉक्टरला फोन लाव."

"आई, दोनच आहेत."

"खोटं नको बोलूस."

मी एकेक पुस्तक तिच्या हातात दिलं. मग सगळं सांगितलं. कोळीण कुठली, गिरणीवाली कुठली, दोघींची एक कुणी केली. तिने दोन्ही पुस्तकं चाचपली, डोळ्याजवळ नेली, लांब धरली.

"म्हणजे टाळं फोडलं ती आपली जाळीवाली नव्हतीच?"

"नाही."

"आणि ही नक्की दोन पुस्तकं?"

"नक्की."

"मग गोष्ट गेली खड्ड्यात," आई म्हणाली. "मला दिसतंय बरोबर."