आठ वर्षं सात महिने

वादात हरणं मला कधी जमलं नाही. आता मी वादच घालत नाही, पण लाखनीत हायवेच्या कडेला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पोस्टाने शिकून मिळवलेला डिप्लोमा मी काचेत बसवून भिंतीवर टांगला होता. त्याच्याखाली बसून विज्ञानावर वाट्टेल ते बोलायचा आपल्याला हक्क आहे, असा माझा पक्का समज होता.

गावात टीव्ही आले तसे ते दुरुस्तीलाही यायला लागले. त्यात माझी एक लबाडी होती. सेट गुरुवारी दुरुस्त झाला तरी मालकाला मी सोमवारचा वायदा द्यायचो, कारण रविवारी सकाळी ती परदेशी मालिका असायची, अंतराळयानाची. उंच बांबूवर अँटेना, खाली बूस्टर, आणि नागपूरकडून येणारं चित्र, निम्मं माणसांचं नि निम्मं मुंग्यांचं. इंग्रजी आम्हाला जेमतेम कळायचं. पण यानातली माणसं उजेडात विरघळतात आणि दुसऱ्या ग्रहावर जशीच्या तशी उभी राहतात, हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं. मालिका संपली की चहा यायचा आणि वाद सुरू व्हायचा.

वाद माझा आणि गुरुजींचा. गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सावकाश बोलायचे, आणि खरं बोलायचे, हीच त्यांची अडचण होती.

"जो विरघळला तो मेला जी," ते म्हणायचे. "तिकडं उभा झाला तो दुसराच."

"मंग त्याले घरचं कसं आठवते?"

"नक्कल आहे ना ते. नकलेले सगळंच आठवते."

"म्हणजे दरवर्षी पोरं तुमची वही उतरवते, तसं," मी म्हणायचो, आणि दुकान हसायचं. थांबलेले ट्रकवाले, भातगिरणीतले हमाल दारात उभे राहून ऐकायचे. हशा ज्याच्या बाजूनं तो जिंकला, असा आमचा नियम होता. कोणी ठरवला नव्हता, पण सगळे पाळायचे. जिंकलेली गोष्ट मग आठवडाभर गावात खरी म्हणून फिरायची. त्या नियमाने मी जवळजवळ दर रविवारी जिंकायचो.

शेजारच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून यायचा आणि दारापाशी उकिडवा बसायचा. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला बाबू. शाळेचे गणवेश शिवायचा आणि रेडिओ-टीव्हीची कव्हरं शिवायचा, झालर लावून. माझं गिऱ्हाईक ते त्याचं गिऱ्हाईक. वादात तो कधी तोंड घालत नसे.

त्याची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची होऊन वारली होती, मेंदूच्या तापाने. त्याच्या दोनअडीच महिने आधी शाळेच्या पोरींबरोबर ती नागपूरला रेडिओवर जाऊन आली होती. भुलाबाईचे दिवस होते, कोजागिरीच्या आधीचे, पोरींच्या गाण्यांचे. मुलांचा कार्यक्रम थेट चालू होता. तिनं आपलं नाव सांगितलं, लाखनीचं नाव सांगितलं आणि एकटीनं एक गाणं म्हटलं. अख्ख्या गावानं ते ऐकलं. माझ्याच दुकानात पन्नास माणसं होती. ऐकलं नाही ते फक्त तिच्या बापानं, कारण तो तिला घेऊन गेला होता आणि स्टुडिओच्या जाड दाराबाहेरच्या बाकावर तिची चप्पल सांभाळत बसला होता. टेप कोणी केली नव्हती. फोटो काढायचाही राहूनच गेला होता.

हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी बोललो, म्हणून हे लिहितो आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वाद आवाजावर आला. गुरुजी म्हणाले, बोललेलं विरून जातं, हवेत जिरतं. मी म्हणालो, हवेतलं जिरत असेल, रेडिओवरचं जिरत नाही. ते लहरींवर बसून आकाशात जातं आणि जातच राहतं.

"आपलं नागपूर स्टेशन मीडियम वेव्हचं. ते लहर आकाशात जात नाही," गुरुजी म्हणाले. "वातावरणाचा वरचा थर तिले अडवते."

हे खरं होतं. माझ्या डिप्लोम्याच्या पुस्तकात आकृतीसकट होतं. पण दारात दहा माणसं उभी होती.

"थर म्हणजे काय टिनाचं छप्पर आहे का गुरुजी? आन् टिनाचं असलं तरी तुमच्या शाळेचं गळतेच ना!"

दुकान गडगडून हसलं. गुरुजींनी हात झटकला आणि चहा उचलला. मी जिंकलो होतो. तेव्हा दारातून शिंप्याचा आवाज आला. सगळ्या वर्षांत पहिल्यांदा.

"गेलेला आवाज परत येईन का बाबू?"

मी थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाची जीभ सैल असते. मी म्हणालो, येईल की. सगळ्यात जवळचा तारा चार वर्षं साडेतीन महिन्यांच्या वाटेवर आहे. त्याला धडकून परत यायला तेवढाच वेळ. "आठ वर्षं सात महिने," मी ऐटीत सांगितलं.

शिंप्यानं खडूनं आपल्या दुकानाच्या फळीवर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, कोणाच्या सदऱ्याचं माप असेल.

पौषात त्यानं मला सांगितलं की वैशाख लागायच्या सुमाराला एका रविवारी पोरीच्या रेडिओवरच्या गाण्याला आठ वर्षं सात महिने भरतात. बोटांवर मोजून दाखवलं. गिरणीतल्या मुनिमाकडून दोनदा तपासून घेतलं होतं. मला आधी हसू आलं, मग कळलं, तो खरंच वाट बघतो आहे. त्या दिवशीच त्याला सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "पाहू."

गुरुजींना कळलं तेव्हा ते दुकानात आले, पहिल्यांदाच मालिका नसताना. "त्याले खरं सांगा," म्हणाले. "मी गेलो होतो सांगाले. तो म्हणते, गुरुजी, तुमी तं हरले होते ना त्या दिवशी."

मी वर पाहिलं नाही. हातात डाख लावायचं सोल्डरिंग आयर्न होतं, ते उगाच तारेला लावत राहिलो. गुरुजी निघून गेले. त्यानंतर ते रविवारी यायचे बंद झाले.

खरं सांगायचं मी रोज ठरवत होतो. पण तो माणूस बदलला होता हो. दाढी करायला लागला होता. घरचा दोन बँडचा रेडिओ माझ्याकडे आणून त्यानं आतून साफ करून घेतला, नवे सेल घातले, नवं कव्हर शिवलं. मशीनवर बसून गुणगुणायचा. कोणत्या तोंडानं सांगणार होतो मी?

तो रविवार आला. मालिका त्या दिवशी मी लावली नाही. दुकान बंद केलं आणि शिंप्याच्या घरी गेलो, कारण रेडिओची सुई मीच लावून द्यावी असा त्याचा आग्रह होता. बाहेर ऊन रणरणत होतं. खाटेसमोर पाटावर रेडिओ ठेवला होता, पाटाखाली पोतेरं दिलेली ओली जमीन. त्याची बायको आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मला पाणी दिलं आणि पुन्हा चौकटीपाशी गेली.

सुई मी स्टेशनापासून केसभर बाजूला लावली. नेमक्या जागेवर लावली असती तर त्या दिवशीचाच कार्यक्रम लागला असता. म्हणजे मी तिथंही लबाडी केली. खरखर सुरू झाली. तिघं ऐकत बसलो.

खरखर नुसती ऐकत बसलं की तीत काहीबाही सापडायला लागतं, हे कोणत्याही रेडिओवाल्याला माहीत असतं. मध्येच पोरांचा गलका वाटतो, मध्येच कोणी श्वास घेतल्यासारखं वाटतं. माझ्या अंगावर काटा आला. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली, की आत्ता ती आपलं नाव सांगेल. शिंपी पुढे वाकला होता. कान जाळीला लागला होता. अर्धा तास झाला, पाऊण झाला. त्याचा चेहरा उतरत चालला, आणि तो उतरताना बघणं मला सहन होईना.

"आला," मी म्हणालो. "आला, दादा. आयकलं म्या."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत आनंद शोधत होतो मी, तो नव्हता.

"मले नाही आला."

"बारीक होता. मधातच होता."

"काय म्हणे?"

"नाव सांगतलं. लाखनी म्हणे."

बायको चौकटीपासून सरकली आणि आत गेली. शिंप्यानं पुन्हा कान लावला. तास उलटून गेल्यावर मीच रेडिओ बंद केला.

मला वाटलं होतं, मी त्याला काहीतरी दिलं. चार दिवसांनी तो दुकानात आला तेव्हा रेडिओ काखेत होता, कव्हरासकट. दाढी वाढलेली.

"तवा तुमी सगळ्याइनं आयकलं. आताबी तूच आयकलं," तो म्हणाला. "माह्यावर रागावली असन ते. गाणं म्हणाले भेत होती, रडून रायली होती. म्याच ढकललं तिले आत."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. चार शब्द होते, दादा, मी खोटं बोललो. माझ्या तोंडून निघाले नाहीत. खोटं बोललो म्हटलं तर वाद हरलो असं होतं, आणि तेवढंच कारण नव्हतं, पण तेही एक होतं. ते लिहायला मला आजही लाज वाटते.

"हा तुह्यापाशीच ठेव," तो म्हणाला. "तुह्यापाशी येते ते." आणि रेडिओ त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी दुकान उघडताना तो शेजारून विचारायचा, आली होती का काल. दुकान विकून मी गाव सोडलं, तोपर्यंत विचारत होता. मी कधी हो म्हणायचो, कधी नाही. दर वेळी हो म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता.