लूमवरची बेरीज

मंडळी, आज कानाचं मशीन न घालताच बाजारात गेले. भाजीवाला तिसऱ्यांदा काहीतरी विचारत होता आणि मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होते. शेजारच्या बाईने त्याच्या हातातली कोथिंबीर मला दाखवली आणि बोटांनी हवेत गाठ मारली. म्हणजे, ही पण टाकू का?

चेहऱ्याआधी मला ती खूण ओळखू आली. ती शोभा होती.

सत्तरच्या दशकात ती इथेच, भिवंडीत, मी शिकवायचे त्या दुसरीच्या वर्गात होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हिला घरीच बसू द्या." अशा मुलांना शिकवायचं पुस्तक, तक्ते काहीतरी मिळेल म्हणून मी ठाण्यापर्यंत जाऊन आले. काही मिळालं नाही.

मग एकदा शोभाबरोबर तिच्या वडिलांना भेटायला लूमवर, म्हणजे ते कामाला होते त्या यंत्रमागाच्या कारखान्यात गेले. त्या खडखडाटात कुणी बोलतच नव्हतं. धागा तुटला, गाठ मार, सगळं हातांनी चाललेलं. बापाला डबा पोचवणाऱ्या माझ्या अर्ध्या वर्गाला या खुणा येत होत्या.

"बाई, तुम्हाला न्हाय म्हाईत?" पोरांनीच मला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गात बेरीज म्हणजे गाठ आणि वजाबाकी म्हणजे तुटलेला धागा. शोभा चौथी पास झाली.

नवे शिक्षक मला फोनवर विचारतात, अशा मुलांसाठी साहित्य कुठे मिळेल? मी विचारते, पोराच्या घरी जाऊन आलात का?

असो. कोथिंबीर माझ्या घरी होती. मी हवेत धागा तोडला. शोभाने भाजीवाल्याला मानेनेच 'नको' सांगितलं.